बेचाळीस अंशांच्या उन्हात रमची चव

हायड्रोमीटर, म्हणजे दारूत तरंगत ठेवून अल्कोहोलचा टक्का मोजायची काचेची नळी, ४८ वर स्थिरावला आणि टेबलाभोवतीची बारा माणसं पुढे झुकली. रमच्या बाटलीवर छापलं होतं ४२.८ टक्के. शेजारच्या बाटलीवरही तेवढंच, पण तिच्यात आकडा आला ४४. "कंपनीनं जास्तच भरली का जी?" एका काकांनी विचारलं.

मे महिन्यातली सकाळ, अकराचा सुमार. रामटेक तालुक्यात पेंचच्या जंगलालगतचं एक शेतघर. अर्ध्या तासापूर्वी लाइन गेलेली, खोलीत ३४ अंश. काकांच्या प्रश्नाचं उत्तर भिंतीवरच्या तापमापकातच होतं. हायड्रोमीटर २० अंशांसाठी आखलेला असतो. रम गरम झाली की पातळ होते, नळी जास्त खोल बुडते आणि आकडा वाढतो: अंशामागे साधारण ०.४ टक्के. चौदा अंश जास्त, म्हणजे पाच-साडेपाच टक्के फुकटचे. आम्ही दोन्ही बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या आणि मोजमाप पुढे ढकललं.

विदर्भात उन्हाळ्यात रम चाखायला बसवणं म्हणजे निम्मं काम तापमानाचंच. प्याला १८ ते २२ अंशांवर हवा. ३० च्या वर गेला की अल्कोहोलची वाफच आधी नाकात घुसते आणि सगळे नमुने "झोंबतात" एवढंच कळतं. उलट थेट फ्रिजमधली बाटली ओतली तर वास मिटून बसतो. कूलर लावावा, पण त्याच्या जाळीत वाळा नको. वाळ्याचा वास इतका गोड नि दाट की त्याच्यापुढे रमचं काही चालत नाही; आम्ही साधं गवत भरून घेतलं होतं. सकाळी तर्री-पोहे नकोत आणि सावजी मटण नंतर, कारण तिखटानं जीभ बधिरते. मधे तोंड साफ करायला बिनमिठाचे मुरमुरे. पाणी जारचं, बोअरचं नाही. खारं पाणी रमची चव मोडतं. थुंकायला प्रत्येकाजवळ स्टीलचा छोटा गंज, म्हणजे पातेलं.

पाच नमुने, प्रत्येकी १५ मिली. आधी नुसता वास, तोंड किंचित उघडं ठेवून, प्याला नाकाच्या थोडा खाली. मग एक थेंबभर घोट. मग सिरिंजनं ३ मिली पाणी. ४२.८ ची रम त्यानं साडेपस्तीसच्या आसपास येते आणि दडलेले वास वर येतात. शेतघराच्या मालकांनी एक दिवसाचा परवाना आधीच काढला होता. पंचविशीच्या आतल्या कुणाला बसवलं नाही, आणि सगळे मुक्कामी होते, गाडी कुणीच चालवणार नव्हतं.

नमुन्यांआधी काकवीची वाटी फिरवली. रम जिच्यापासून होते ती मळी आणि काकवी एकच, असं पुष्कळांना वाटतं. काकवीत उसाची सगळी साखर असते. मळी म्हणजे साखरेचे दाणे काढून घेतल्यावर उरलेला काळा पाक, ज्यातून आणखी साखर काढणं परवडत नाही. त्यातही साधारण निम्मी साखर उरतेच, आणि रम उभी आहे ती तिच्यावर. मळी थेट आंबत नाही, इतक्या दाट पाकात यीस्ट, म्हणजे साखरेची दारू करणारी बुरशी, मरतं. म्हणून पाणी घालून १८ ते २० ब्रिक्सवर (ब्रिक्स हे पाकाचा दाटपणा मोजायचं माप) आणायची, आम्लता साडेचार-पाच पीएचच्या दरम्यान ठेवायची, नायट्रोजनसाठी यीस्टला थोडं खाद्य द्यायचं. दीड दिवसात सहा-सात टक्क्यांचं आंबवण तयार होतं. पण इथेही उष्णता आडवी येते. आंबताना टाकी स्वतःच तापते. ३० ते ३३ अंश ठीक. ३६-३७ च्या वर यीस्ट थकतं, साखर तशीच राहते आणि आंबट करणारे जीवाणू टाकी ताब्यात घेतात. म्हणून टाकीतलं आंबवण थंड पाण्याच्या नळ्यांमधून फिरवत राहावं लागतं.

पहिला नमुना पांढरा, उंच स्तंभाच्या भट्टीतला. एनियस कॉफी या संशोधकानं १८३० मध्ये अशा सतत चालणाऱ्या भट्टीचं पेटंट घेतलं; तिच्यातून ९५ टक्क्यांपर्यंत शुद्ध अल्कोहोल निघतं, पण उसाचा वास जवळजवळ सगळा मागे राहतो. दुसरा मार्टिनिक या फ्रान्सच्या कॅरिबियन बेटावरचा, मळीऐवजी ताज्या रसापासून केलेला. तिथल्या या रमला १९९६ पासून फ्रान्सचं मूळस्थानाचं संरक्षण आहे. रसवंतीपाशी उभं राहिल्यासारखा हिरवा वास, हे सगळ्यांना एका घोटात कळलं.

पाचवा जमैकाचा. हंड्यासारख्या भट्टीत, आंबवणीला बरेच दिवस देऊन केलेला. वास घेताच मोहफुलं वेचणाऱ्या एका मावशींनी मान वर केली: "हे तं सुकल्या मोहावानी वास मारून राह्यलं ना जी!" अगदी अचूक. तिथे आंबवणीत जीवाणूंना मुद्दाम वाव देतात, आधीच्या भट्टीचा उरलेला आंबट द्रव परत वापरतात. जीवाणूंची आम्लं अल्कोहोलशी जुळून एस्टर तयार होतात. पिकून काळ्या पडलेल्या केळ्याचा, अननसाचा वास त्यांचाच. म्हणजे आपल्याकडे टाकी बिघडली असं ज्याला म्हणू, तेच तिथे सांभाळून, मोजून केलेलं असतं. आम्हाला रमच्या साऱ्या जातींत ही सर्वांत मोलाची वाटते.

इतिहास थोडक्यातच सांगितला, पण एक गोष्ट गाळली नाही. सतराव्या शतकात बार्बाडोसच्या मळ्यांवर ही दारू निघाली ती आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या श्रमांवर. ब्रिटिश नौदलात खलाशांना रोजची रम मिळे ती थेट ३१ जुलै १९७० पर्यंत. आपल्या बाटलीवरचे ४२.८ टक्केही ब्रिटिश मोजणीतूनच आले: प्रूफ हे तीव्रतेचं त्यांचं जुनं माप, त्यांचं १०० प्रूफ म्हणजे सुमारे ५७ टक्के, त्याचे तीन चतुर्थांश ते ७५ प्रूफ. १९५४ पासूनची ओल्ड मंक याच तीव्रतेची.

दुपारी लाइन आली. सकाळच्या त्या दोन बाटल्या, म्हणजे तिसरा आणि चौथा नमुना, २० अंशांवर आणून पुन्हा मोजल्या. तिसरा ४२.५, म्हणजे लेबलाच्या जवळ. चौथा साडेअडतीस. सकाळी हाच चौथा सगळ्यांना "जास्त मऊ, जास्त जुनी" वाटला होता. त्यात अल्कोहोल कमी नव्हतं, साखर जास्त होती. साखरेनं द्रव जड होतो, नळी कमी बुडते. एका टक्क्याचा फरक म्हणजे लिटरमागे साधारण ४ ग्रॅम साखर. इथे लिटरमागे सोळा-सतरा ग्रॅम, बाटलीत तीन सपाट चमचे. गोड रम करण्यात गैर काही नाही. पण तो मऊपणा लाकडी पिंपातल्या वर्षांचा समजून जास्त पैसे मोजू नयेत. उष्ण प्रदेशात पिंपातून वर्षाला सहा ते दहा टक्के रम उडून जाते, म्हणून खरी जुनी रम महाग पडते.

खात्रीसाठी दोन स्टीलच्या ताटल्यांत दोन्हींचे दहा-दहा मिली ओतून ओसरीत सावलीत ठेवले. गॅसवर आटवायचं नाही, वाफ पेट घेते. सायंकाळी तिसऱ्याच्या ताटलीत कोरडा तपकिरी डाग होता. चौथ्याच्या ताटलीला बोट चिकटत होतं, आणि काठावर मुंग्यांची रांग लागली होती.