एक्स-रे नॉर्मल, तरी बरगडी दुखतेच

रोइंग मशीनवरचा (वल्हवल्यासारखं हँडल ओढायचं व्यायामयंत्र) सराव वाढवला आणि काखेखाली उजव्या बरगडीत चमक मारायला लागली. आधी फक्त हँडल ओढताना. मग खोल श्वास घेताना, रात्री कूस बदलताना. शिंकेचं तर विचारूच नका. येतेय असं वाटलं की नाक दाबून धरायचो. पडलो नव्हतो, कुठे आपटलोही नव्हतो. त्यामुळे जो तो म्हणे, स्नायू आखडलाय, शेक घे.

छातीत दुखतंय म्हटल्यावर डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला, फुप्फुसं तपासली. ते योग्यच होतं. एक्स-रे स्वच्छ आला. पुढे खेळातल्या दुखापती बघणाऱ्या डॉक्टरांनी एकेक बरगडी बोटाने चाचपली आणि एका जागी दाबताच मी ओरडलो. एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, म्हणजे पुन्हापुन्हा ताण पडून हाडाला गेलेली चीर. अशी बारीक चीर सुरुवातीला एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. काही आठवड्यांनी हाड सांधायला लागलं की तिथला जाडसरपणा दिसतो.

नुसत्या व्यायामाने बरगडी मोडते हे मला पटेना. डॉक्टरांनी समजावलं: खांद्याच्या फऱ्यापासून बरगड्यांवर पसरलेला सेरेटस स्नायू आणि पोटाचे तिरके स्नायू दर स्ट्रोकला बरगडीवर ताण देतात. हाडाची झीज रोज भरून निघत असते, पण भार एकदम वाढला की ही भरपाई मागे पडते. रोइंग करणाऱ्यांच्या बहुधा पाचवी ते नववी बरगडी जाते, चेंडूफेक करणाऱ्यांची पहिलीसुद्धा. गोल्फवाले आणि जुनाट खोकलावालेही यातून सुटत नाहीत.

उपचार म्हणाल तर जवळपास काहीच नाही, आणि तेच जड गेलं. प्लास्टर नाही. पट्टा आवळायचा नाही, कारण श्वास उथळ होतो. साधारण 4 ते 6 आठवडे रोइंग बंद. डी जीवनसत्त्व तपासलं, पुरेसं खातोस का हेही खोदून विचारलं. बायकांना पाळीबद्दलही विचारतात म्हणे. कमी खाणं आणि ठिसूळ हाडं यांचं नातं जवळचं.

खोकताना दुखेनासं झाल्यावर सरळ बसून सायकल सुरू केली. दाबल्यावरही दुखेना, तेव्हा कमी ड्रॅगवर (हँडल ओढताना मशीनचा होणारा विरोध), थोडा थोडा वेळ रोइंग. पुश-अप्स आणि बेंच प्रेसला डॉक्टरांनी सगळ्यात शेवटी परवानगी दिली.