आमची वाटचाल : पणजोबा जर्मन, मालक वसईकर

आमचं खाटकाचं दुकान इंग्लंडमध्ये, यॉर्कशरमधल्या एका जुन्या गिरणगावात आहे. पोर्क पाय (पिठाच्या कवचात डुकराचं मांस भरून भाजलेला पदार्थ), सॉसेज, शिजवलेलं हॅम, ब्लॅक पुडिंग. मी मूळचा वसईचा. ज्या कुटुंबाकडून दुकान घेतलं त्यांचं आडनाव पक्कं इंग्रजी, पण पणजोबा जर्मन. म्हणून आमची वाटचाल माझ्यापासून सुरू करता येत नाही.

पणजोबा होहेनलोहचे, म्हणजे जर्मनीतल्या वुर्टेम्बर्गमधल्या क्युन्झेल्साउच्या पंचक्रोशीतले. तिकडे शेताचे तुकडे पाडत नसत. जमीन एका मुलाला, बाकीच्यांनी आपापलं पाहायचं. डुकरं पाळणारा मुलूख, त्यामुळे धाकटी पोरं खाटीककाम शिकली आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळात हल, शेफील्ड, ब्रॅडफर्ड, लिव्हरपूल अशी पसरली. एकाने दुकान टाकायचं, गावाकडून पुतण्याला बोलवायचं, त्याने माळ्यावर झोपून काम शिकायचं. मुंबईच्या गिरणगावातल्या चाळींत कोकणातली माणसं अशीच एकामागून एक आली होती.

त्यांचं खरं डोकं मालात दिसतं. गिरणीत दिवसभर राबणाऱ्या बायकांना संध्याकाळी चूल पेटवायला वेळ नसे. या जर्मन दुकानांत गरम, शिजलेलं, लगेच खाता येईल असं मिळे. लोक घरून वाडगं घेऊन येत. डुकराचं काहीच वाया जात नसे. डोक्याचं ब्रॉन (जेलीत थिजवलेलं मांस), रक्ताचं पुडिंग, चरबीचं लार्ड, डुकराचे चारही पायसुद्धा शिजवून विकायचे. आज ज्याला लोक अस्सल यॉर्कशरची चव म्हणतात, तिच्यातला बराच वाटा या मंडळींचा आहे, आणि हे इथे फार थोड्यांना ठाऊक आहे.

पणजोबांनी इंग्रज मुलीशी लग्न केलं. ब्रिटिश नागरिकत्व मिळत होतं, पाच वर्षं वास्तव्य आणि पाच पौंड फी. त्यांनी ते घेतलं नाही. घरात कारण असं सांगतात की दुकान सोडून कचेरीत कोण जाणार! 1914 साली युद्ध लागलं तेव्हा कायद्याच्या लेखी ते शत्रूचे नागरिक, आणि परक्याशी लग्न केलं म्हणून याच गावात जन्मलेली पणजीसुद्धा जर्मन. पोलिसांत नोंद करायची, पाच मैलांपलीकडे जायचं तर परवाना काढायचा. ऑगस्ट 1914 मध्ये कीथलीत जर्मन खाटकांची दुकानं फोडली गेली. मे 1915 मध्ये जर्मन पाणबुडीने लुसिटानिया हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवलं आणि लिव्हरपूलपासून दंगली पसरल्या. आमच्या दुकानाच्याही काचा गेल्या. त्यानंतर सरकारने नागरिकत्व नसलेल्या, लढाईच्या वयाच्या जर्मन पुरुषांना सरसकट पकडायचं ठरवलं. पणजोबांची रवानगी आइल ऑफ मॅन बेटावरच्या नॉकालो छावणीत झाली. तिथे एका वेळी 23 हजारांच्या आसपास माणसं होती. मोठा मुलगा मात्र इथे जन्मलेला, म्हणजे ब्रिटिश. तो फ्रान्समध्ये ब्रिटिश फौजेतून लढत होता.

दुकान पणजीने चालवलं. पाटीवर माहेरचं आडनाव रंगवलं, तेच आजही आहे. युद्धानंतर पुष्कळांना जर्मनीला धाडलं. ब्रिटनमधले जर्मन 1914 मध्ये 57 हजारांवर होते, ते 1919 मध्ये 22 हजारांवर आले. पणजोबा मात्र राहू शकले. पुन्हा मांस कापायच्या ठोकळ्यापाशी उभे राहिले, पण जर्मन बोलले नाहीत म्हणे.

मी इथे आधी नोकर होतो. मालकाच्या मुलांना धंद्यात रस नव्हता, म्हणून हप्त्यांनी घेतलं. मधल्या काळाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, सुपरमार्केट आले आणि आसपासची दुकानं मिटली, एवढंच. मसाल्याचं मूळ प्रमाण मी बदललेलं नाही : जायपत्री, मार्जोरम, पांढरी मिरी. शेजारी आमच्या वसईच्या पद्धतीचं सॉसेज ठेवलं, सिरका आणि बॉटल मसाल्याचं (आमच्याकडे बाटलीत भरून ठेवतात तो मसाला). सुरुवातीला ते फक्त देशी गिऱ्हाईक नेई. आता शनिवारी दुपारपर्यंत ते संपतं आणि जुन्या आज्या माझ्यावर वैतागतात.

वीजबिल वाढल्यापासून ब्रॉन आठवड्यातून एकदाच करतो. नाताळच्या पोर्क पायची नोंदणी नोव्हेंबरपासून सुरू होते, ती दुकानात येऊनच करावी लागते.