भुरी बूड का घासत होती: माझा अनुभव

कुत्रं बूड घासत सरकायला लागलं की बघणारा प्रत्येक जण एकच निदान करतो: जंत झालेत, गोळी द्या. भुरीच्या वेळीही सगळ्यांनी हेच सांगितलं. पण तिचं जंतांचं औषध नुकतंच होऊन गेलं होतं. तरी बाईसाहेब मागचे पाय पुढे ताणून फरशीवर सरकत होत्या, मध्येच दचकून मागे वळायच्या आणि शेपटीच्या मुळाशी चाटत बसायच्या. लोकांना हे बघून हसू येतं, व्हिडिओही काढतात. मला मात्र तिचं ते दचकणं खटकत होतं, म्हणून डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरांनी जंतांची शक्यता उडवून लावली नाही. उलट पहिला प्रश्न विचारला, "पिसवा आहेत का हिला?" मला कळेना, पिसवांचा इथे काय संबंध? संबंध असा, की बुडाला खाज आणणारा जो चपटा जंत असतो, तो पिसवांतून येतो. त्याची अंडी पिसवेची अळी खाते, पुढे ती पिसू कुत्र्याने अंग चावताना गिळली की जंत आतड्यात जाऊन बसतो. त्याचे तुटलेले तुकडे तांदळाच्या दाण्याएवढे असतात. ताज्या शीवर ते वळवळताना दिसतात, नाहीतर शेपटीखालच्या केसांना वाळून चिकटलेले सापडतात. जंतांच्या प्रत्येक औषधाने हा मरत नाही, प्राझिक्वांटेल असलेलं औषध लागतं. आणि पिसवा तशाच राहिल्या तर औषध देऊनही तो परत होतो.

मग त्यांनी बारीक दातांचा कंगवा भुरीच्या कमरेवरून फिरवला आणि निघालेली काळी कणी ओल्या कापसावर टेकवली. पिसवांची विष्ठा असेल तर कापूस लालसर होतो, कारण ते पचलेलं रक्तच असतं. कापूस मातकट झाला, लाल नाही. धूळ होती. केसांत दाणेही नव्हते.

"आता हिला घट्ट धरा. हे तिला आवडणार नाही."

नाहीच आवडलं. कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना कातडीखाली एकेक छोटी पिशवी असते. गुदद्वार म्हणजे घड्याळाची तबकडी मानली, तर चार आणि आठच्या आकड्यापाशी. सगळे त्यांना ॲनल ग्लँड म्हणतात. त्यात उग्र वासाचा स्राव साठतो आणि शी घट्ट असली की बाहेर पडताना तिच्या दाबाने तो थोडा थोडा निघून जातो. कुत्री एकमेकांच्या बुडाचा वास घेतात त्यात या स्रावाचाही वाटा असतो. शी सतत मऊ असेल, किंवा आजूबाजूची कातडी सुजून पिशवीचं तोंड अरुंद झालं, तर स्राव आतच राहतो, घट्ट होतो आणि ठणकायला लागतं.

डॉक्टरांनी हातमोजा घालून, बोटाला जेली लावून तर्जनी आत घातली, अंगठा बाहेर ठेवला आणि मधली पिशवी हलकेच दाबली. डावीकडून पिवळसर तपकिरी पातळ द्रव आला, म्हणजे ती बाजू ठीक. उजवीकडून आधी काहीच येईना. थांबून थांबून दाबल्यावर राखाडी लगदा निघाला आणि खोलीभर कुजक्या मासळीचा वास पसरला. त्या कापडाच्या तुकड्याकडे डॉक्टरांनी नीट निरखून पाहिलं. पू किंवा रक्त असतं तर संसर्ग म्हणायचा. मग पिशवी धुणं, आत औषध भरणं, कधी त्यासाठी गुंगी देणं हे सगळं आलं असतं. तेही अंगावर काढलं तर गळू होतं: एका बाजूला लाल, गरम सूज येते, हात लावू देत नाही आणि शेवटी फुटून पू वाहतो.

बोट आत असतानाच त्यांनी आणखी एक गोष्ट तपासली, पिशवीत गाठ लागते का ती. इथे कॅन्सरही होतो. त्यात बऱ्याचदा रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि कुत्रं एकाएकी खूप पाणी प्यायला लागतं. कित्येकदा गाठ बाहेरून दिसतच नाही. म्हणून वय झालेल्या कुत्र्याने बूड घासायला सुरुवात केली, तर घरी दाबादाबी करून समाधान मानू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पिशवी रिकामी झाली, भुरी शांत झाली. काही दिवसांनी सरकणं परत सुरू! परत तीच बाजू. याच सुमारास तिला आंघोळ घालणाऱ्याने सुचवलं, की दर वेळी आंघोळीबरोबर ग्लँड दाबून देतो. डॉक्टरांनी साफ नकार दिला. त्रास नसलेली पिशवी उगाच दाबत राहिलं तर तीच सुजते. "ती भरतेच का, ते शोधू," ते म्हणाले.

मग प्रश्नांची सरबत्ती. पंजे चाटते का? चाटते. कान वरचेवर बिघडतात? हो. शी कशी? बहुतेक वेळा मऊ. वजन? जरा जास्तच. सगळी बोटं ॲलर्जीकडे वळत होती. खाण्यातलं कारण आहे का ते बघायला रक्ततपासणीवर भरवसा ठेवता येत नाही, पथ्याची चाचणी करावी लागते. निदान आठ आठवडे कुत्र्याने पूर्वी कधी न खाल्लेलं प्रथिन किंवा खास तयार केलेलं खाद्य, आणि त्याशिवाय तोंडात काहीही नाही.

हे 'काहीही नाही' सगळ्यात अवघड. खाऊ बंद, पानातला घास बंद, चघळायची हाडकं बंद. चवीच्या गोळ्यासुद्धा बंद, कारण त्या चवीत मांसाचा अंश असू शकतो. डॉक्टरांनी त्या बदलून दिल्या. भुरीला आवरणं सोपं गेलं, घरातल्या माणसांना आवरणं नाही. टेबलाखालून हात जातोच. शेवटी तिच्या भांड्याशेजारी कागद चिकटवला आणि तिने काय खाल्लं ते प्रत्येकाला त्यावर लिहायला लावलं.

आधी शी घट्ट झाली, खाज बरीच उशिरा कमी झाली. चाचणी इथे संपत नाही. बरं वाटल्यावर जुनं खाणं एकेक करून परत द्यायचं असतं, नाहीतर गुण पथ्याचा की ऋतू बदलल्याचा ते कळत नाही. चिकन दिलं आणि पंजे चाटणं परतलं, पाठोपाठ बूडही फरशीला टेकलं. चिकन बंद केल्यावर पुन्हा थांबलं.

पिशव्या काढूनच टाकता येतात का, हेही मी विचारून घेतलं होतं. येतात, पण बाजूलाच शी रोखून धरणारा स्नायू आणि त्याच्या नसा असतात. त्यांना इजा झाली तर शीवर ताबा राहत नाही. वारंवार गळू होणाऱ्या किंवा गाठ असलेल्या कुत्र्यासाठी तो मार्ग. भुरीला गरज नव्हती.

आता तिच्या खाण्यात थोडा उकडलेला लाल भोपळा असतो, वजनही उतरलंय. केस विंचरताना शेपटी वर करून दोन्ही बाजू सारख्या आहेत ना, एवढं बघते. शी करून झाल्यावर एखाद्या वेळी गवतावर जरा सरकली, तर लक्ष देत नाही. त्याच दिवशी परत सरकली तर मात्र डॉक्टरांना फोन जातो.