चोरलेला फोटो इंटरनेटवरून उतरवायचा तर: माझा अनुभव

आपला फोटो किंवा लेख परक्या साइटवर दिसला की तिथेच खाली चार शब्द सुनवावेसे वाटतात. मी ते करत नाही. समोरचा सावध होऊन फाइलचं नाव बदलतो आणि हातातला पुरावा जातो. आधी अॅड्रेस बारसकट पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घ्यायचा, तारीख-वेळ नोंदवायची आणि जमलं तर पान वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या प्रती साठवणारी साइट) जतन करायचं. स्वतःची मूळ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली रॉ (प्रक्रिया न केलेली फाइल) किंवा लेखाचा पहिला मसुदा, त्याच फोल्डरमध्ये ठेवायची.

मग साइटचा मजकूर आपल्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या कंपनीला, म्हणजे होस्टला, तो उतरवायला सांगणारी नोटीस पाठवायची. ती बहुधा डीएमसीए या अमेरिकेच्या १९९८ च्या कॉपीराइट कायद्याखाली असते. बहुतेक नोटिशी अडतात त्या कायद्यावर नाही, पत्त्यावर. फोटोला दोन पत्ते असतात: तो ज्या पानावर दिसतो त्या पानाचा आणि खुद्द प्रतिमेच्या फाइलचा. फोटोवर राइट क्लिक करून तो नव्या टॅबमध्ये उघडला की दुसरा पत्ता मिळतो. नोटिशीत फक्त पानाचा पत्ता दिला तर पान जातं, फाइल सर्व्हरवर तशीच राहते आणि उद्या दुसऱ्या पानावर झळकते. त्यातून वर्डप्रेससारख्या प्रणाली एका फोटोच्या चार-पाच लहान-मोठ्या आवृत्त्या बनवतात. फाइलच्या नावाच्या शेवटी ३०० बाय २०० असा आकार चिकटलेला दिसला की मूळ मोठी फाइलही तिथेच कुठेतरी असणार. हे सगळे पत्ते एकेक करून द्यावे लागतात. आणि प्रतिमेच्या पत्त्यात आपलंच डोमेन दिसलं, तर त्या साइटने फाइल उचललेलीच नाही, ती आपल्या सर्व्हरवरून थेट दाखवली जातेय. तिच्या होस्टकडे उतरवण्याजोगी फाइलच नसते. तिथे नोटिशीपेक्षा आपल्या सर्व्हरवर परक्या साइटची मागणी नाकारणारा नियम लावणं हा झटपट उपाय.

नोटीस लिहिण्याआधी हक्क खरंच आपला आहे का, हे तपासावं. नोकरीत काढलेल्या फोटोचा हक्क बहुधा मालकाचा असतो. कधीकाळी क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना (ठरावीक अटींवर कुणालाही वापराची मुभा) दिला असेल तर तो मागे घेता येत नाही. नाव न देता वापरलं तर परवाना संपतो खरा, पण ४.० आवृत्तीत चूक कळल्यापासून ३० दिवसांत ती दुरुस्त केली की तो आपोआप परत लागू होतो. अशा वेळी नाव टाकायला सांगणारं साधं पत्र पुरतं. परीक्षणात दोन ओळी उद्धृत केल्या असतील तर नोटीस पाठवूच नये. अमेरिकेतल्या नवव्या सर्किट न्यायालयाने लेन्झ खटल्यात २०१५ मध्ये स्पष्ट केलं, की नोटीस पाठवण्याआधी फेअर यूजचा, म्हणजे परवानगीविनाही कायद्याला चालणाऱ्या वापराचा, विचार करणं तक्रारदारावर बंधनकारक आहे. तो खटला २९ सेकंदांच्या घरगुती व्हिडिओवरून उभा राहिला होता. जाणूनबुजून खोटी नोटीस देणाऱ्याला नुकसानभरपाई द्यावी लागते, आणि ती तरतूद मला डीएमसीएतली फार मोलाची वाटते. नोटिशीने कुणाचं तरी बोलणं बंद होत असतं.

आता पाठवायची कुणाला? डोमेनची नोंद पाहून रजिस्ट्रारला लिहिणं ही नेहमीची चूक. रजिस्ट्रार फक्त नाव विकतो, मजकूर त्याच्याकडे नसतो. डोमेनचा आयपी पत्ता (सर्व्हरचा आकडी पत्ता) काढून तो कुणाच्या नावावर आहे ते पाहावं. तिथे सीडीएनचं, म्हणजे साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून पोचवणाऱ्या सेवेचं, नाव आलं तर खरा होस्ट त्याच्या मागे आहे. सीडीएनला तक्रार दिली की ती सहसा पुढे पाठवली जाते आणि होस्टचं नाव कळतं. अमेरिकी होस्टने नोटिशी घ्यायला नेमलेल्या एजंटचा पत्ता तिथल्या कॉपीराइट कार्यालयाच्या ऑनलाइन सूचीत मिळतो. ही नोंद होस्टला दर तीन वर्षांनी नवी करावी लागते.

डीएमसीए नोटिशीत सहा गोष्टी मागतो: सही, मूळ कृतीची ओळख, नकलेचे नेमके पत्ते, आपला संपर्क, हा वापर परवानगीविना असल्याच्या प्रामाणिक समजुतीचं विधान आणि माहिती अचूक असल्याचं विधान. शेवटच्या विधानात, आपण हक्कधारक किंवा त्याचे अधिकृत प्रतिनिधी आहोत हे शपथेवर सांगावं लागतं. हे खोटं निघालं तर खोट्या शपथेचा गुन्हा. ‘माझे सगळे फोटो’ असं लिहून भागत नाही. मी दोन रकाने करतो, डावीकडे मूळ फोटोचा पत्ता, उजवीकडे त्याच्या नकलेचा, आणि एका ओळीत एकच जोडी. तपासणाऱ्याला दोन टॅब उघडून जुळवता आलं पाहिजे. रागाचे परिच्छेद, दंडाच्या धमक्या काढून टाकाव्यात; त्यांच्यात पत्ते हरवतात. आपलं नाव-पत्ता समोरच्याकडे जातो हे लक्षात असू द्यावं. घरचा पत्ता द्यायचा नसेल तर प्रतिनिधीमार्फत पाठवावी.

पुढे काय होतं ते देशावर ठरतं. अमेरिकी कायदा ‘तत्परतेने’ एवढंच म्हणतो, तासांचा आकडा देत नाही. भारतात कॉपीराइट नियमांतल्या नियम ७५ प्रमाणे, तक्रारीने समाधान झालेल्या मध्यस्थाने (होस्टसारख्या सेवेने) ३६ तासांत मजकूर थांबवायचा. मात्र २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश सादर झाला नाही तर तो परत चालू करता येतो. म्हणून इथे नोटीस आणि वकील यांची तयारी एकदमच करावी. कॅनडात होस्ट नोटीस फक्त पुढे पोचवतो, उतरवण्याची सक्ती नाही.

समोरच्याने प्रतिनोटीस, म्हणजे मजकूर चुकीने उतरवला असं सांगणारी उलट नोटीस, दिली की खरी घाई सुरू होते. अमेरिकेत होस्टला १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत चढवावा लागतो, मधल्या काळात आपण दावा दाखल केल्याचं कळवलं तरच तो थांबतो. अमेरिकी कृतीसाठी दाव्याआधी कॉपीराइट कार्यालयातली नोंदणी पूर्ण झालेली लागते, नुसता अर्ज पुरत नाही, हे २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. परदेशी कृतीला ही अट नाही, पण नोंदणीविना ठरावीक रकमेची वैधानिक भरपाई तिथल्या न्यायालयात मिळत नाही. लहान दाव्यांसाठी २०२२ पासून कॉपीराइट क्लेम्स बोर्ड आहे. त्याची मर्यादा ३०,००० डॉलर आणि तिथला दावाही मजकूर परत चढणं रोखतो. अडचण एवढीच की प्रतिवादी ६० दिवसांत त्यातून बाहेर पडू शकतो.

शोधइंजिनाकडे वेगळी विनंती करावी लागते, आणि तिथे पानाचा पत्ताही हवाच. होस्ट परदेशात गप्प बसला असेल तेव्हा हाच मार्ग उरतो: फाइल राहते, पण शोधात सापडत नाही.

पंधरवड्याने उलट प्रतिमाशोध (फोटो देऊन तो आणखी कुठे आहे ते शोधणं) पुन्हा करावा. डीएमसीएत एकदा उतरवलेलं कायम खाली ठेवण्याची सक्ती नाही, त्यामुळे नव्या पत्त्याला नवी नोटीस लागते. तिच्यात आधीच्या नोटिशींचे क्रमांक आणि तारखा लिहाव्यात. वारंवार उल्लंघन करणाऱ्यांची खाती बंद करण्याचं धोरण ठेवल्याशिवाय होस्टला कायद्याचं संरक्षण मिळत नाही, आणि ते क्रमांक पाहूनच तो खात्याचा निर्णय घेतो.