पाटीवरील ‘श’ आणि ‘ल’
ठाण्यातील पाचपाखाडीतील गाळ्याचा भाडेकरार झाल्यावर आमच्या मालवणी उपाहारगृहाचे नाव, बोधचिन्ह, पाटी आणि मेनूकार्ड तयार करून घेण्याचे काम माझ्याकडे आले, कारण स्वयंपाकघर माझी नणंद सांभाळणार होती.

सुरुवातीला आम्ही ‘मालवणी’ आणि ‘चव’ या दोन शब्दांचे नाव धरून बसलो होतो. केवळ मालाचे वर्णन करणारे शब्द १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली सहसा नोंदवता येत नाहीत, हे वकिलांनी समजावल्यावर ते सोडले. मग ताटातल्या शिंपल्यांशी नाते सांगणारा, ‘श’ आणि ‘ल’ ही दोन्ही अक्षरे असलेला शब्द निवडला आणि उपाहारगृहांसाठीच्या वर्ग ४३ मध्ये वैयक्तिक नावाने ऑनलाइन अर्ज केला. त्याचे सरकारी शुल्क ४,५०० रुपये होते.

डिझायनरने आधी इंग्रजी अक्षरांचे बोधचिन्ह मन लावून घडवले आणि त्याखाली संगणकातील एका तयार फॉन्टमध्ये मराठी नाव बारीक टाकून दिले. ते पाहताच नणंद म्हणाली, “वहिनी, हा आपला श नव्हे. शाळेत बाईंनी गिरवून घेतला तो असा नव्हता.” तिचे म्हणणे अगदी खरे होते. मराठीतील ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण हिंदीतील अक्षरांहून वेगळे आहे. परंतु युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, एकाच अक्षराच्या मराठी आणि हिंदी वळणांचा क्रमांक एकच असल्याने कोणते वळण उमटेल हे फॉन्टवर अवलंबून राहते. शिवाय राज्यातील दुकानांच्या पाटीवर मराठी अक्षरे सुरुवातीला असावीत आणि इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असा कायदाच आहे. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही २०२२ पासून तो लागू आहे. म्हणून मी सगळे काम उलट क्रमाने करायला सांगितले: आधी देवनागरी अक्षरे हाताने रेखाटायची आणि त्यांच्या जाडीशी, गोलाईशी जुळणारी इंग्रजी अक्षरे नंतर काढायची. यात तीन आठवडे गेले, आणि ते जायलाच हवे होते. डिझायनरच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागला. आम्ही ग्राहकांकडून ५ टक्के दराने कर घेणार असल्याने त्याची वजावट मिळत नाही, तेव्हा अशा खर्चाचा अंदाज करासह धरावा.

पाटीचा नमुना आम्ही प्रत्यक्ष मापात कागदावर छापून शटरला लावला आणि रस्त्यापलीकडून, मग चालत्या रिक्षातून वाचून पाहिला. दिवसा तो स्वच्छ वाचता आला. मात्र ॲक्रिलिकच्या अक्षरामागे एलईडी लावून पाहिल्यावर ‘श’ची गाठ उजेडात बुजून गेली. आतली पोकळी मोठी केल्यावरच अक्षर रात्री ओळखू येऊ लागले.

मेनूकार्डाने मला सर्वात जास्त शिकवले. ‘काळ्या वाटाण्याचे सांबारे’ वाचून चाचणीला बोलावलेल्या शेजाऱ्यांनी इडलीबरोबरचे सांबार समजून ते मागवले, तेव्हा प्रत्येक पदार्थाखाली एक ओळ लिहायची ठरली: वाटणात काय आहे, तिरफळ कशात आहे, तिखट किती आहे. या ओळी मी नणंदेला स्वयंपाक करताना बोलते करून लिहिल्या. जाहिरातीच्या पत्रकांवरही पुढे त्याच घेतल्या, कारण ‘अस्सल’ आणि ‘घरगुती’ हे शब्द आता सर्वांच्याच पत्रकांवर असतात आणि त्यांतून वाचणाऱ्याला काहीही कळत नाही.

मासळीचे दर मात्र छापले नाहीत. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि एरवीही सुरमईचा भाव रोज बदलतो. त्यामुळे जाड (३०० जीएसएम) कागदाच्या, मॅट लॅमिनेशन केलेल्या कार्डात फक्त वडे, सोलकढी, घावन, उसळी असे कायमचे पदार्थ ठेवले आणि मासळीसाठी रोज हाताने लिहायचे सुटे पान जोडले. उद्घाटन जूनमध्येच आले. पहिल्या दिवशीच्या त्या पानावर नणंदेने सर्वात वर सुक्या जवल्याची चटणी लिहिली, आणि तिचा ‘ल’ पाटीवरच्या ‘ल’सारखाच आला होता.