रिकामं कापड आलं तरी गोचीड असतात
ताडोब्याच्या काठच्या गावांत गोचीड मोजायचे तर १ मीटर लांब-रुंद पांढरं फ्लॅनेल काठीला बांधून धुऱ्यावरच्या गवतावरून हळू ओढायचं. दर १० मीटरला दोन्ही बाजू बघायच्या. दव असेल तर तेव्हा कापड ओढू नका, ओल्या कापडाला गोचीड नीट धरत नाही.

कापड रिकामं आलं म्हणून हुरळू नका. हायलोमा या प्रकारच्या गोचिडाचे प्रौढ गवताच्या शेंड्यावर बसून राहत नाहीत, जनावराची चाहूल लागली की जमिनीवरून धावतात. त्यांच्यासाठी कोरड्या बर्फाचा, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा सापळा; त्यातून निघणाऱ्या वायूकडे गोचीड ओढले जातात. मे महिन्यात तो बर्फ टिकवणं हीच खरी डोकेदुखी.

कोठ्यातल्या गुरांवरचा गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. पिळला तर सोंड आतच तुटते, मग जात ओळखणं अवघड. ओळखीपुरतं ७० टक्के अल्कोहोल चालतं. विषाणू शोधायचा असेल तर नमुना लगेच थंड ठेवा. नखाने मात्र चिरडू नका, क्रिमियन-काँगो ताप हा गोचिडांमुळे होणारा विषाणूचा आजार चिरडलेल्या गोचिडाच्या रक्तातूनही लागतो.