सात देशांचा नकाशा घेऊन पैठणहून पंढरपूरला

संत एकनाथांच्या पालखीबरोबर ज्येष्ठ वद्यात पैठण सोडले तेव्हा माझ्या पिशवीत ताट, तांब्या, पावसासाठी प्लास्टिकचा कागद आणि अस्तित्वात नसलेल्या एका खंडाचा नकाशा होता. मी भूमिअभिलेख खात्यात भूकरमापक आहे. दिवसा लोकांच्या बांधांची मोजणी करतो आणि गेली सहा वर्षे रात्री एका कादंबरीसाठी सात देशांचा खंड रचत बसतो. 33 फुटांच्या साखळीवर हात बसलेल्या जुन्या माणसांकडून मी काम शिकलो, त्यामुळे माझा नकाशा प्रमाणात आहे याचा मला अभिमान होता. त्यात डोंगराळ थ्रानोर होते, समुद्राकाठचे एल्मोरा होते, अरण्यातले व्हेल्दिन होते. नावे अशी का, ते विचारू नये. सुरुवातीला मला ती भारदस्त वाटली होती. प्रत्येक देशाला मी एक रंग, एक राजा, एक भाषा आणि एक स्वभाव वाटून दिला होता. डोंगरातले लोक तापट, किनाऱ्यावरचे लबाड आणि अरण्यातले ज्ञानी, असा तो सारा कारभार होता.

पहिला धक्का पैठणच्या पुलावरच बसला. गोदावरी ओलांडताना शेजारच्या म्हाताऱ्या मावशींनी नदीला हात जोडले आणि म्हणाल्या, "गंगामाय, सांभाळ गं." आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात आणि तिच्या काठच्या काळ्या जमिनीच्या पट्ट्याला गंगथडी म्हणतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होते, पण माझ्या खंडातल्या प्रत्येक नदीला मात्र मी एकच नाव दिले होते, आणि तेही राजधानीत बसलेल्या कुणीतरी ठेवावे तसे. पुढे पंढरपुरात हेच पुन्हा दिसले. तिथली भीमा गावाजवळ चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून ती चंद्रभागा होते. वळण संपले की ती पुन्हा भीमा. पण पूल ओलांडला त्याच रात्रीच्या मुक्कामात मी नकाशावरच्या मोठ्या नदीचे नाव खोडले आणि तिला काठाकाठाने चार नावे दिली.

अंतरांचेही असेच झाले. मी सारा खंड मैलांत मोजला होता. दिंडीत मात्र पुढचे गाव किती किलोमीटर आहे, हे सहसा कुणी विचारत नाही. विसावा कुठे, जेवण कुठे आणि मुक्काम कुठे, एवढेच विचारतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने पैठणची नोंद केली आहे. त्यानेही पैठण गुजरातेतल्या भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे लिहिले. सातवाहनांच्या राजधानीचे अंतर ज्याने असे दिवसांत सांगितले, त्याच्यापुढे माझी मोजपट्टी अगदीच पोरकट वाटू लागली, कारण माझ्या देशांत माणसे घोड्यावर बसून एका प्रकरणात सगळा खंड ओलांडत होती आणि त्यांच्या पायांना कधी फोडही येत नव्हते. माझ्या पायांना तिसऱ्याच दिवशी आले.

पाटोद्याच्या बाजूला बालाघाट चढताना मी माझ्या नकाशातली सर्वांत मोठी चूक पकडली. याच तालुक्याच्या डोंगरांत उगम पावणारी सिंदफणा गोदावरीला जाऊन मिळते. मांजराही इथलीच, पण ती पूर्वेकडे निघते आणि फार लांबचा वळसा घालून तेलंगणाच्या हद्दीवर शेवटी गोदावरीलाच भेटते. आणि खर्ड्याकडे उतरू लागले की ओढ्यांचे पाणी सीनेला, सीनेतून भीमेला आणि भीमेतून कृष्णेला जाते. एकाच पठारावर पडलेला पाऊस असा वाटला जातो. मी मात्र थ्रानोरच्या डोंगररांगेतून एक नदी सरळ आरपार नेली होती, कारण दोन देशांची सीमा म्हणून ती तिथे सोयीची होती. ज्या माणसाने नोकरीत नाल्याच्या वळणावरून भांडणे सोडवली, त्याने असे करावे याची मला खरोखर लाज वाटली. डोंगर मध्ये धरून मी देश पुन्हा पाडले. आता थ्रानोरचे नाव माथाड झाले आहे. खालचे लोक तिथल्या माणसांना 'वरले' म्हणतात, आणि वरले खालच्यांना 'गाळवटे' म्हणतात. दोघेही स्वतःला फक्त 'आपली माणसे' म्हणवतात.

लोकांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त शिकवले ते आमच्याच दिंडीतल्या एका बाईंनी. डोक्यावर तुळस घेऊन त्या माझ्यापुढे चालत असत. बीड जिल्ह्यातल्या, दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात साखर कारखान्यावर पाचटाची कोपी घालून राहायचे आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचे, हा त्यांचा क्रम होता. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे एक कोयता म्हणतात, म्हणजे माणसे मोजायची तीही हत्याराच्या नावाने. मी त्यांना सहज विचारले, "मावशी, तुमचे गाव कोणते?" त्या म्हणाल्या, "भाऊ, कोणत्या महिन्यातलं सांगू?" माझ्या सात देशांत असा एकही माणूस नव्हता, ज्याचे घर एका देशात आणि भाकरी दुसऱ्या देशात आहे. देशाचा रंग भरून झाला की त्यातली माणसे हलत नाहीत, असे मी गृहीत धरले होते. आता माझ्या खंडात आठवा समाज आहे. त्याला भूमी नाही, पण त्याच्यावाचून एकाही देशाचे पीक घरात येत नाही. त्याचे नाव मी अजून ठेवलेले नाही, कारण ते त्यांना हिशेबात धरणाऱ्या मुकादमांनी ठेवलेले असणार, आणि तसे नाव सुचणे अवघड आहे.

खर्ड्याला पोचलो तेव्हा कुणीतरी 1795 च्या लढाईचा विषय काढला. मराठ्यांपुढे माघार घेऊन निजामाने खर्ड्याच्या किल्ल्यात आसरा घेतला आणि शेवटी तह केला, हे शाळेत वाचलेले असते; परंतु परंड्याला गेल्यावर त्याहून वेगळी गोष्ट माझ्या मनात बसली. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ 1549 साली अहमदनगरात एका रूमी कारागिराने ओतली, तिथून ती परंड्याच्या किल्ल्यात आली आणि 1632 मध्ये विजापूरला गेली. घडवणारा तुर्कस्तानाकडचा, आणि मालक बदलत गेलेले. माझ्या एल्मोराच्या लोकांची शस्त्रे फक्त एल्मोराचेच लोहार घडवीत, आणि त्या शस्त्रांवर त्यांची लिपीही कोरलेली असे! ती दोन प्रकरणे मी परंड्यातच रद्द केली.

परंड्याच्या पुढे, कुर्डूच्या वाटेवर, सीमा म्हणजे काय ते मला पायांनी कळले. परंडा धाराशिव जिल्ह्यात, कुर्डू सोलापुरात. आज रस्त्याकडेला एक पाटी सोडली तर काहीही बदलत नाही. परंतु 17 सप्टेंबर 1948 पर्यंत अलीकडे हैदराबाद संस्थान होते आणि पलीकडे, वर्षभरापूर्वीपर्यंत, इंग्रजांचा मुलूख होता. आमचे विणेकरी बुवा पंच्याऐंशीच्या पुढचे. त्यांच्या घरी अजूनही अलीकडच्या भागाला मोगलाई म्हणतात. त्यांचे वडील सांगत, की बैलगाडी घेऊन पलीकडच्या बाजाराला जायचे तर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर मालाची झडती होई आणि अलीकडचा निजामी हाली रुपया पलीकडे चालत नसे, तिथे इंग्रजी कलदार लागे. "आणि वारी?" मी विचारले. "वारीला कोण अडवतंय," बुवा म्हणाले, "पताका बघितली की नाकेदार स्वतःच पाया पडायचा." हे कितपत खरे आणि कितपत श्रद्धेने रंगलेले, ते मी ठरवत नाही. मला त्यात रस होता तो एवढ्यासाठी, की दोन राज्यांची माणसे एकमेकांची सोयरी होती, ज्वारी तीच होती, देव तोच होता आणि सीमा फक्त नाण्यात आणि झडतीत होती. खरी सरहद्द मला जेवणाच्या पंगतीत जाणवली: पाटोद्याकडे ताटात बाजरीची भाकरी येत होती, ती परंड्यानंतर हळूहळू दिसेनाशी झाली. पण तिचा दगड कुठेच रोवलेला नव्हता.

मुक्कामावर एका रात्री नाथांची भारुडे झाली. नाथ सोळाव्या शतकातले, संस्कृत जाणणारे पैठणचे ब्राह्मण; तरी त्यांच्या भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी, फकीर, महार अशी माणसे आपापल्या बोलीत बोलतात, आणि ऐकणाऱ्याला कोण बोलत आहे हे पहिल्या ओळीत कळते. माझ्या कादंबरीत सातही देशांचे लोक एकाच प्रमाण मराठीत बोलत होते, अगदी भांडतानासुद्धा. (हा मजकूरही त्याच भाषेत आहे, याची मला जाणीव आहे, मावशी आणि बुवा हे अपवाद.)

अरणला सावता महाराजांच्या समाधीपुढे डोके टेकवून पुढे निघालो. पायांत आता त्राण नव्हते, म्हणून करकंबच्या वाटेविषयी फारसे लिहिता येत नाही. शेवटच्या आधीच्या मुक्कामात मात्र बुवांनी माझा नकाशा मागितला. चुरगळलेला, तेलाचे आणि पावसाचे डाग पडलेला तो कागद त्यांनी कंदिलाजवळ धरून बराच वेळ पाहिला. मी त्यांना देश सांगितले, नव्या नद्या दाखवल्या, वरले आणि गाळवटे समजावले. त्यांनी विचारले, "ह्यात सगळ्यांनी चालत जावं असं गाव कोणतं?" माझ्याजवळ सात राजधान्या होत्या, असे गाव नव्हते. मी विचार करून माथाडच्या दक्षिणेला, कुठल्याही राजाला फारशा उपयोगाच्या नसलेल्या एका नदीच्या वळणावर टिंब काढले.

"सगळ्यात लांबचा देश कोणता?"

मी पूर्वेकडचे टोक दाखवले आणि मुक्काम मोजले. त्रेचाळीस भरले.

"मग पेरण्या उरकून निघायचं कसं जमणार त्यांना?" बुवा म्हणाले. "तिथं पाऊस कधी लागतो?"

ते मी ठरवलेच नव्हते.